मृणालिनी पाण्यात उतरली

दुबईत, देरामधल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मृणालिनी कित्येक वर्षं ओमानमधल्या मुसंदमच्या बोटसफरीची तिकिटं विकत होती. "चुनखडीचे डोंगर सरळ समुद्रातून वर आलेत, सर! मधे छोटी छोटी बेटं!" फोनवर ती इतकी रंगात येई, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई दर आठवड्याला जाऊन येतात. प्रत्यक्षात तिने ती बेटं फक्त ब्रोशरवर पाहिली होती. शनिवारी ऑफिसात मरणाची गर्दी, आणि नवरा राजाभाऊ पाण्याला भिणारा.

यंदा मालकाने ऑफिस रंगवायला काढलं. शनिवार मोकळा मिळताच तिने कुणाला न विचारता स्वतःसाठी, नवऱ्यासाठी आणि मुलीसाठी अशा तीन सीट बुक केल्या.

पहाटे अल कुसैसच्या घरून निघून, रास अल खैमाच्या पुढे ओमानची सीमा ओलांडून तिघं खसबच्या बंदरावर पोचली. लाकडी बोट धक्क्यावरून सुटली, एका वळणावर खाडी उघडली आणि मृणालिनी उभीच राहिली. दोन्ही बाजूंना करडे कडे, त्यांवर थरांच्या तिरक्या रेघा, खाली पाणी क्षणात निळं, क्षणात हिरवं.

"अहो, बघा ना! फोटोत काहीच येत नाही हो यातलं!"

"आई, स्टॉप शाउटिंग," मुलगी ईशानी पुटपुटली. तेवढ्यात बोटीला खेटून दोन डॉल्फिन उसळले, आणि सगळ्यात मोठी किंचाळी ईशानीचीच निघाली.

एका बेटाच्या आडोशाला नांगर पडला. कॅप्टन हसत म्हणाला, "यल्ला, चलो मॅडम, लाइफ जॅकेट पहनो!"

"मृणाल, तुला पोहता येत नाही," राजाभाऊ घाबरून म्हणाले.

"जॅकेटला येतं ना!" म्हणत ती शिडी उतरू लागली. शेवटच्या पायरीवर तिने एकदा खाली पाहिलं. तिने डोळे मिटले आणि हात सोडला.

नाकातोंडात खारं पाणी गेलं. पण जॅकेटने तिला अलगद वर आणलं. पायांभोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे घोटाळत होते. हातपाय मारत ती बेटापर्यंत गेली आणि तिने खडकाला हात लावला. खरखरीत, उन्हाने तापलेला. वर्षानुवर्षं फोनवर सांगितलेली ती चुनखडी! ती मोठमोठ्याने हसू लागली. हसता हसता डोळे का भरून आले, तिला कळेना.

"अहो, उतरा!" ती ओरडली.

राजाभाऊंनी कठड्याला घट्ट धरून मान हलवली. पण ईशानीने धाडकन उडी मारली, तशी त्यांनी शिडीवर बसून पाय तरी पाण्यात सोडलेच.

जेवायला बोलावलं तेव्हाही मृणालिनी पाण्यातच होती. "मेरा प्लेट रखना, हबीबी!" तिने कॅप्टनला ओरडून सांगितलं, आणि लेकीचा हात धरून ती बेटाला वळसा घालायला निघाली.