पाठ दोन दिवस मॅडमची

आमच्या कातडीवाल्या मॅडमनी मला वाचवलं, हे आधी सांगून टाकते. त्यांच्या तऱ्हा सांगायला लागले की लोक हसत सुटतात आणि हे राहूनच जातं. माणसाला चेहरा नावाची वस्तू असते, हे इतकं साफ विसरलेली बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायची नाही. त्या त्वचेच्या डॉक्टर. आठवड्यातून एक दिवस मानपाड्याच्या दवाखान्यात, बाकी दिवस ठाण्यात, प्रयोगशाळेत. माझं नाव त्यांना कधी आठवलं नाही, पण दारात दिसले की विचारायच्या, "अंगठ्याची भेग मिटली का गं?" रिक्षावाल्याला पैसे देताना त्याचा पंजा उलटा करून बघायच्या. एका लग्नात तर फोटोसाठी म्हणून स्टेजवर चढल्या आणि नवरीच्या कानामागचं पुरळ तपासत बसल्या. मागे आहेरवाल्यांची रांग ताटकळलेली. कितीतरी वर्षं त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न, कातडी एकदा चिडली की विसरत का नाही? मी नववीतून शाळा सोडलेली, पण मैत्रिणीला सासूचं गाऱ्हाणं सांगावं तसं मला सांगायच्या, "अगं, आत पहारेकरी पेशी असतात. एखाद्या वस्तूवर त्यांनी डूख धरला ना, की ती पुन्हा दिसायचा अवकाश, धावून जातात. हा डूख सोडवायचा कसा, तेवढं कळलं की मी सुटले."

मी नांदेडकडची. कोपरला एका काकूंकडे भाड्याच्या कॉटवर राहायचे आणि वागळे इस्टेटमध्ये मशीनचे सुटे भाग पुसून पॅक करायचे. हात सोलवटले, रक्त यायला लागलं. सुपरवायझर म्हणाले, "मालाला डाग लागतात. बरी हो, नाहीतर गावी जा." गावी बाबांनी स्थळ बघूनच ठेवलेलं. आधी अधूनमधून घालायचे ते रबरी हातमोजे मी धसक्याने दिवसभर घालायला लागले, तर हात आणखीच बिघडले.

शेवटी दवाखाना गाठला. हात कशाने चिडतात ते शोधायला मॅडमनी कामावरची तेलं, पावडरी पट्ट्यांखाली माझ्या पाठीला चिकटवल्या आणि बजावलं, दोन दिवस पाठ ओली करायची नाही. दिवाळी तोंडावर आलीय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. नरकचतुर्दशीला पहाटे काकूंनी मला मोरीत ओढलं. "पारोशी बसतेस? नरकात जायचंय?" मी "काकू, पट्ट्या!" म्हणेपर्यंत तेल-उटणं लावून त्यांनी पाठ अशी घासली की पट्ट्या मोरीच्या जाळीत. मी घाबरत मॅडमना फोन केला. पलीकडून लगेच प्रश्न, "उटण्यात काय काय होतं गं?"

दिवाळीनंतर पुन्हा पट्ट्या लावल्या, तेव्हा मॅडमनी हातमोज्याचाही तुकडा कापून चिकटवला आणि स्वतः मला घरी सोडायला आल्या. काकूंना म्हणाल्या, "हिची पाठ दोन दिवस माझी. नरकात जायची वेळ आलीच, तर मी जाईन."

"तुम्ही कशाला जाताय? बसा, चहा घ्या," काकू म्हणाल्या. चहा येईस्तोवर मॅडमनी त्यांच्या टाचा बघून घेतल्या.

पट्ट्या काढल्या आणि मॅडम टाळ्या पिटायला लागल्या. "काय देखणं लाल आलंय गं!" ते लाल होतं रबराच्या तुकड्याखाली, बाकी पाठ कोरी. हात वाचवायला मी जे घालत होते, तेच माझे हात खात होतं. मला रडूच फुटलं. "अगं वेडे, तुला काम सोडायला नको, हातमोजे सोड," म्हणत त्यांनी तिथूनच सुपरवायझरना फोन लावला आणि दुसऱ्या जातीचे हातमोजे आणायला लावले. नोकरी राहिली. स्थळ परत गेलं.

हल्ली त्यांनी दवाखाना बंद केलाय. वय झालं, प्रश्न मात्र तसाच आहे. परवा भेटायला गेलेले, तर प्रयोगशाळेत एकट्याच बसलेल्या. म्हणाल्या, "आत डूख उरलाय का ते बघायला बऱ्या झालेल्या कातडीचा बारीकसा तुकडा हवाय, पण सुई बघितली की लोक पळतात." मी बाही वर करून हात पुढे केला. त्यांनी ती हळूच खाली ओढली. "आत्ता नको. अजून वर्षभर शांत राहू दे कातडीला."

मॅडम, सुई बघून पळणाऱ्यांतलीच मीही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी वर्ष सरलं की मी येणार. हवा तेवढा तुकडा घ्या.