दस्तगीरचाचांचं स्टेशन

काल मिक्सर दुरुस्तीला नेला. दुकानदारानं तारेला कथलाचा डाग दिला, राळेचा धूर नाकात गेला आणि मी थेट सत्तरच्या दशकातल्या शिवाजी पेठेत, दस्तगीरचाचांच्या रेडिओ दुकानात पोचले.

दुरुस्त झालेला रेडिओ तपासताना चाचा कुठली कुठली परदेशी स्टेशनं शोधून बाहेरच्या भोंग्याला जोडायचे. पोरं दुकानालाच ‘स्टेशन’ म्हणायची. पेठेतला बँड तिथं ऐकलेल्या अरबी चाली उचलून वरातीत वाजवायचा. आमचा रेडिओ मात्र त्यांच्या हातनं कधी नीट होईना. मला ते कच्चे कारागीर वाटायचे.

एका दुपारी आईनं रेडिओ फळीवर ठेवला. "परत खरखरतोय, चाचा."

भोंग्यावर कुणी बाई अनोळखी भाषेत गात होती. घरी वडिलांच्या बातम्या आणि बाजारभावाशिवाय काही लागायचं नाही. इथं आईनं डोळे मिटले होते आणि चपलेतला अंगठा ताल धरत होता.

मी म्हणाले, "आई, सकाळी तर चांगला वाजत हुता की!"

आईनं डोळे उघडले नाहीत. चाचांनी रेडिओचं मागचं झाकण काढलं, आत उगीच एक फुंकर मारली आणि म्हणाले, "बसा वैनी. ह्याला वेळ लागंल."