फरशीवर पाडलेला आरसा

आमच्या डिझाइन विभागाचा प्रमुख सगळ्यांना अहो-जाहो करायचा, मला एकटीला अगं-तुगं. म्हणून इथं मीही त्याला 'तो'च म्हणणार आहे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. आम्ही तिळाएवढा आरसा तयार करत होतो. सिलिकॉनची चिप बाहेरून बनून यायची. तिचं डिझाइन, ती डबीत बसवणं आणि चाचण्या आमच्याकडं. केसाहून बारीक दोन बिजागऱ्यांवर तो आरसा विजेच्या ओढीनं डुलायचा, इतका झपाट्यानं, की त्यावर सोडलेल्या लेझरच्या ठिपक्याची समोर सलग रेघ उमटायची. त्या रेघेनं बारकोड वाचायचा. हातात धरायचं यंत्र होतं ते, गोदामांसाठी. अडचण एकच, यंत्र हातातून पडलं की बिजागरी तुटायची.

"जाड कर," तो म्हणाला.

"जाड केली तर आरसा पुरेसा डुलणार नाही सर. रेघ आखूड होईल. डुलून ती तुटतच नाही, धक्क्यानं तुटते. आरशाच्या चारी बाजूंनी कठडे घालू. यंत्र पडलं की आरसा कठड्याला टेकेल, बिजागरीवर ताण जाणार नाही."

"कठडे? सोयगावात विहिरीला घालतात तसले?"

खोलीतले सगळे हसले. माझे वडील सोयगावला शेती करतात हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या कारकुनी, आणि माझ्यासारखीनं त्याच्या शेजारी बसून चिपा आखाव्यात हे त्याला शेवटपर्यंत पचलं नाही.

पावसानं पाठ फिरवलेली ती वर्षं होती. पाण्याचा टँकर आला नाही की क्लीनरूमचा, म्हणजे चिपा हाताळायच्या धूळबंद खोलीचा, पाण्यावर चालणारा एसी बंद पडायचा आणि आम्ही हातावर हात धरून बसायचो. बाहेर रस्ते रुंद करायला सगळं शहर उकरलेलं, धूळ दाराच्या फटीतून आत. अशात नवी चिप मागवायची म्हणजे महिन्यांचा खोळंबा, असं कारण सांगून त्यानं कठडे बाजूला टाकले. उपाय म्हणून रबराची जाड गादी आणली. पाडून दाखवायची चाचणी त्या गादीवर करायची, आणि गिऱ्हाइकाला टिकाऊ म्हणून सांगायचं.

लासूर स्टेशनचा एक बडा आडत व्यापारी बघायला आला. मालक होते, तो होता. यंत्र पाडून दाखवायचं काम माझ्याकडं. मी वाकले, गादी ओढून बाजूला केली आणि छातीएवढ्या उंचीवरून यंत्र शहाबादी फरशीवर सोडलं. उचलून बटण दाबलं. रेघ नाही, नुसता एक ठिपका.

"तू मुद्दाम केलंस हे!" तो सगळ्यांसमोर ओरडला.

"व्हय, मुद्दाम केलं. त्यांच्या गोदामात गादी नाय."

व्यापारी खुर्चीतून उठला. "बराबर बोल रही बाई. हमारे हमाल के हाथ से तो ये गिरताच रहेगा. फरशी पे गिरके चलेगा, तब बुलाना."

मालकांनी त्याच दिवशी कठड्यांना मंजुरी दिली. त्यानं मात्र माझ्याशी बोलणंच सोडलं; निरोपही दुसऱ्याच्या तोंडून यायचे. नव्या चिपा आल्या. पाडल्यावर बिजागरी शाबूत राहिली, पण आरसा कठड्याला चिकटून बसला. ते ऐकून तो स्वतः माझ्या टेबलापाशी आला.

"चिकटला ना गं आरसा तुझ्या कठड्याला?"

इतक्या दिवसांनी बोलला, ते हे. त्याचा चेहरा खुशीनं फुललेला होता. यंत्र चालावं यापेक्षा मी तोंडावर पडावं हे त्याला जास्त हवं होतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि माझ्या मनातली उरलीसुरली भीड गेली.

मी कठड्याच्या कडेवर बारीक बारीक उंचवटे आखले. आरसा टेकला तरी सपाट भिंतीला चिकटणार नाही, टोकांना शिवून सुटेल. पुढच्या खेपेच्या चिपा फरशीवर पडल्या, आणि रेघ तशीच राहिली. व्यापारी पुन्हा आला, त्यानं स्वतःच्या हातानं यंत्र पाडून पाहिलं आणि मागणी नोंदवली.

त्यानंतर कंपनीच्या सभेत आमचा हा प्रमुख उभा राहिला. "कठड्यांची कल्पना मला सुचली तेव्हा..." असं त्यानं सुरू केलं.

मीही उठले. "तुम्हाला विहीर सुचली होती सर. कठडे माझे."

कुणी हसलं नाही. मालक चहाच्या कपात बघत राहिले. पुढच्याच आठवड्यात माझी बदली पॅकिंगला झाली. खोकी मोजण्यासाठी मी एवढं शिकले नव्हते. शेंद्र्याच्या एका कारखान्यात काम बघितलं आणि राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी तो फाटकापाशी उभा होता. "झालं गेलं विसरून जा," म्हणत त्यानं हात पुढं केला. मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली, त्याच्या हाताला वळसा घातला आणि रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला.