मानपाडा ते खाडी: नथीबायचं आवतण

या वेळच्या भटकंतीत किल्ला नाही, धबधबा नाही. ठाण्याहून डोंबिवलीजवळचं मानपाडा, तिथून कल्याणच्या खाडीकाठचा एक कोळीवाडा आणि परत, एवढाच प्रवास. फोटो हवे असतील तर इथेच थांबा, मी एकही काढलेला नाही.

ठरलं ते ऑफिसच्या कँटीनमध्ये. केतकी माझी जुनी मैत्रीण. माहेर साताऱ्याकडचं, सासर खाडीकाठच्या कोळ्यांचं, राहायला डोंबिवलीत. डबा उघडता उघडता तिने विचारलं, चेटकीण खरंच असते का गं? मी नेहमीप्रमाणे टिंगल केली, की असती तर तिने आधी कल्याण-शीळ रस्त्यावरचं ट्रॅफिक गायब केलं असतं. केतकी हसली नाही. मग सगळं बाहेर आलं.

लग्नानंतर तिची दोन गरोदरपणं अर्ध्यावरच गेली. डॉक्टरांनी कारणं सांगितली, औषधं दिली. पण सासूबाईंच्या मनात वेगळंच होतं. त्यांचा संशय जनाआत्यांवर. या आत्या म्हणजे केतकीच्या सासऱ्यांची बहीण. विधवा आहेत, गावातल्या जुन्या घरात एकट्या राहतात, आणि धवलारीण आहेत. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन विधी पार पाडणारी ती धवलारीण. देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाचं आवतण तीच देते. ही नावं घरातली थोरली माणसं तिला आधी सांगून ठेवतात.

केतकीच्या लग्नात जनाआत्यांनी सगळी नावं घेतली आणि शेवटी एक न सांगितलेलं नाव घेतलं. नथीबाय. म्हणे मांडवातली वाजंत्री आपोआप थांबली आणि सासूबाईंच्या हातातलं तबक कलंडलं. नथीबाय कोण, हे केतकीला कोणीही धड सांगितलं नाही. एवढंच कळलं की ती या घरातली भुताळी, म्हणजे चेटकीण, होती आणि तिचं नाव घ्यायचं नसतं.

आता येत्या अवसेला टिटवाळ्यापलीकडून एक भगत येणार होता. तो तांदूळ टाकून करणीवालीचं नाव सांगणार. नाव कोणाचं येणार, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. त्यानंतर जनाआत्यांना घर सोडावं लागणार, त्यांना कोणाच्या लग्नात उभं करणार नाहीत. फक्त ज्या बाईला त्रास झाला तिने समोर बसून होकारार्थी मान हलवायची असते. ती बाई म्हणजे केतकी.

असं कोणावर चेटकीण म्हणून बोट ठेवणं हा गुन्हा आहे, कायदा आहे, असं मी तावातावाने सांगितलं. तिला ते माहीत होतं. "कायद्याने सासूबाईंचं तोंड बंद होईल गं," ती म्हणाली, "माझ्या मनातलं काय करू? रात्री मलाच वाटतं, खरंच तिने काही केलं असेल तर?"

तिने मानपाड्याच्या एका 'मॉडर्न विच'च्या शिबिरात शनिवारची जागा घेऊन ठेवली होती, आणि रविवारी ती आत्यांना भेटायला जाणार होती. म्हणे एकदा दोन्हीकडच्या बायका डोळ्यांनी बघते, मग मान हलवायची का ते ठरवते. मी कशावरच विश्वास ठेवत नाही, म्हणून सोबतीला मी.

शनिवारी मुलीला नवऱ्याच्या गळ्यात घालून मी सकाळी गाडी काढली. जाणार असाल तर शीळफाट्याच्या पुढे मेट्रोच्या खांबांमध्ये वेळ जातो हे धरून चला. न्याहारीही आधीच उरका. मानपाडा रोडला मिसळ ठीकठाक मिळते, पण एमआयडीसीकडून वारा आला की रस्सा सोडून भलताच वास नाकात जातो.

शिबिर एका नव्याकोऱ्या टॉवरमध्ये, बरंच वर होतं. रिया नावाची तिशीतली मुलगी, आधी एचआरमध्ये होती. काळा कुर्ता, गळ्यात क्रिस्टल, आणि बोलायला गोड. चेटकीण म्हणजे जिला स्वतःची ताकद कळली ती, असं तिचं म्हणणं. जमलेल्या बायकांत एक शिक्षिका, दोघी आयटीवाल्या, एक नुकतीच घटस्फोट झालेली. टॅरोची पानं झाली, चंद्राच्या कला झाल्या. मेणबत्त्या उल्हासनगरच्या बाजारातून स्वस्त पडतात, हीही माहिती मिळाली. मी मनात ही पोस्ट लिहायला घेतली होती आणि ती बरीच विनोदी होती.

दुपारी रियाने चकचकीत फरशीवर खड्याच्या मिठाचं रिंगण केलं आणि आम्हाला आत बसवलं. पडदे ओढले, एसी चालू, खिडक्या बंद. मग म्हणाली, तुमच्या घरात जिचं नाव घेत नाहीत अशा एका बाईचं नाव घ्या.

प्रत्येकीकडे एक नाव होतं, याचं मला नवल वाटलं. पळून गेलेली मावशी, जाळून घेतलेली काकू. माझ्याकडे असं कोणी नव्हतं. केतकीची पाळी आली आणि ती अगदी हळू म्हणाली, "नथीबाय."

आधी मला वाटलं एसीचा वास आहे. मग ओळखला. ओहोटीला खाडी उघडी पडते तेव्हा येतो तो चिखलाचा वास. ओला, खारा, थोडा कुजका. त्या बंद खोलीत तो असा भरला की शिक्षिकेने नाकाला पदर लावला. रियाने मान वर करून एखादी खिडकी उघडी आहे का विचारलं. एकही नव्हती. ती उठली, तिने पडदे सारले, मेणबत्त्या फुंकल्या आणि आज इथेच थांबू म्हणाली. तिच्या दंडावरचा काटा मला दिसत होता. घाईघाईने तिने सगळ्यांना सर्टिफिकेटं वाटली, जाड कागदावर, सोनेरी शिक्क्याची, इंग्रजीत 'सर्टिफाइड मॉडर्न विच' लिहिलेली. केतकीचं देताना तिने हात झटकन मागे घेतला.

लिफ्टमध्ये मी केतकीला म्हणाले, ड्रेनेजचा प्रॉब्लेम असेल, नव्या बिल्डिंगांत असतो. तिने सर्टिफिकेट पर्समध्ये दुमडून ठेवलं.

रात्री मी तिच्याकडेच राहिले. रविवारी सकाळी निघालो ते कल्याणपर्यंत गाडीने आणि तिथून पुढे शेअर रिक्षाने, कारण गावातली गल्ली गाडीला पुरत नाही. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं हे वाचतात आणि आत्यांना तिथेच राहायचं आहे. एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळत घातलेली जाळी. ओहोटी होती. कालचा वास इथे सगळीकडे होता आणि कोणालाच त्याचं काही नव्हतं.

जनाआत्या ओट्यावर निवटे साफ करत होत्या. चिखलात टुणटुण उड्या मारणारे ते छोटे मासे. बाई किरकोळ, केस पांढरे, आवाज मात्र खणखणीत. केतकीने वाकून नमस्कार केला. माझी ओळख व्हायच्या आतच त्यांनी विचारलं,

"काल दुपारची नथीला कोनी हाक मारली गो?"

केतकीने माझ्याकडे पाहिलं. आम्ही मानपाड्याला गेल्याचं तिने घरातही सांगितलेलं नव्हतं.  भर उन्हात मी ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटली, हे मी कबूल करते.

आत्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. हात धुतले, आम्हाला आत बसवलं आणि नथीबायची गोष्ट सांगितली. ती केतकीच्या नवऱ्याच्या पणजोबांची पहिली बायको. गावात तापाची साथ आली, मुलं गेली, तिची स्वतःचीही मुलगी गेली. मग कुणीतरी तिचं नाव घेतलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मारलं कोणी नाही. ओहोटीला तिला काठावर आणलं आणि सांगितलं, चालत पलीकडे जा, परत येऊ नकोस. चिखलातून पलीकडे जाईपर्यंत भरती येते, हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तिलाही.

त्यानंतर केतकीच्या लग्नापर्यंत घरातल्या एकाही लग्नात तिला आवतण गेलं नाही. आत्यांना धवले शिकवणाऱ्या म्हातारीने तिचं नाव तेवढं कानात सांगून ठेवलं होतं.

केतकीने शेवटी विचारलंच. "आत्या, खरं सांगा. तुम्ही काही केलंत का?"

"केलं," आत्या म्हणाल्या. "तिला आवतान दिलं. बोलावलेला मानूस पंक्तीला बसतं नि जातं. न बोलावलेला दारात उभा रहातं. किती वरसं ती दारात उभी हाय." मग म्हणाल्या, "तुझी पोरं तिनं नाय नेली गो. तिची पोर गेलेली. तिला म्हाईत हाय."

केतकी रडली. इतकी वर्षं ती डॉक्टरांसमोर, नवऱ्यासमोर, देवासमोर रडली असेल, पण असं आवाज काढून रडताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. आत्यांनी तिला जवळ घेतलं नाही. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, निवट्यांचं कालवण वाढलं. तिखट, आंबट, असलं कालवण कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही. दाराजवळ त्यांनी एक पान आधी वेगळं वाढून ठेवलं होतं. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

निघताना आत्यांनी एकच विचारलं. "भगत माझा नाव घेल, तवा तू मान हालवशील?" त्यात रागही नव्हता आणि विनवणीही नव्हती. केतकीने चपला घातल्या आणि रिक्षाच्या दिशेने चालू लागली. परतताना मी तिला डोंबिवलीला सोडलं. मी ठाण्याला घरी आले, गाडी लावली, मुलीला कडेवर घेतलं.

अवसेला काय झालं ते केतकीने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. भगताने तांदूळ टाकले आणि म्हणाला, बाई घरातलीच आहे, जिभेवर विद्या असलेली आहे. सगळे केतकीकडे बघायला लागले. ती उठली, आतून सर्टिफिकेट आणलं आणि तांदळांवर ठेवलं. "चेटकीणच हवी आहे ना? ही घ्या. शिक्क्यासकट." नवऱ्याने इंग्रजी अडखळत वाचून दाखवलं. भगताने कागद बाजूला सारला, तांदूळ गोळा केले आणि तो निघून गेला. जनाआत्यांचं नाव निघालंच नाही.

मी फोनवर मोठ्याने हसले, शाबासकी दिली. ती म्हणाली, "घरात कोणीच हसलं नाही गं."

आत्या आहेत तिथेच आहेत. त्यांना गावातल्या एका लग्नाचं बोलावणंही आलं. केतकीच्या सासूबाई मात्र आता तिच्या हातचा चहा घेत नाहीत. बातमी सोसायटीतही फिरली; तिथल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं येत नाही, आणि शेजारीण तिला लिफ्टमध्ये बघितलं की बाळाचं तोंड पदराखाली घेते.

गेल्या रविवारी केतकी माझ्याकडे आली. माझी मुलगी अडीच वर्षांची, कोणाकडेही जाणारी. दुपारभर ती केतकीच्या मांडीवर खेळली, तिच्याच हातून वरणभात जेवली. केतकी गेल्यावर पोरगी उगाच किरकिर करायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले, आणि भानावर आले तेव्हा माझ्या मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या होत्या, आणि मी ती मूठ लेकीवरून उतरवत होते. कधीच न करणारी मी.

बेल वाजली. केतकी छत्री विसरली होती. दार उघडलं तेव्हा मूठ तशीच होती.

तिने मुठीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं. ती आत आली, मुलीशेजारी फरशीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "माझी पण काढ ना. माझी कोणी काढत नाही."

मी दोघींवरून एकदम उतरवली. गॅसवर तवा तापला होता, त्यावर मूठ उघडली. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या पडल्या. ठसका येईल म्हणून मी पदर तोंडाला लावून उभी होते, पण ठसका आला नाही. खाडी आमच्यापासून बरीच लांब आहे, खिडक्याही मी बंद केल्या होत्या. तरी घरभर ओहोटीच्या चिखलाचा वास पसरला.

केतकीने डोळे मिटले होते. मी कपाटातून आणखी एक ताट काढलं आणि दाराजवळ वाढून ठेवलं.