डावीकडचा सलाम

माझा नवरा फ्रिज दुरुस्त करतो. हे खोटं नाही, गल्लीतल्या निम्म्या फ्रिजना त्याचा हात लागलाय. फक्त त्याच वेळी तो पोलिसांचाही माणूस होता, आणि ते मला अगदी शेवटी कळलं. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

मशिदीमागच्या खोलीत पाच जण जमायचे. बस स्थानकात स्फोट करायचं त्यांचं घाटत होतं. हा त्यांच्यातला सहावा. "माझ्या धर्माचं नाव घेऊन माणसं मारणार? माझ्या डोळ्यांदेखत?" म्हणून त्यानं हे काम अंगावर घेतलं. त्याचा मला आजही अभिमान आहे. रेकॉर्डर मल्टिमीटरच्या डब्यात असायचा, पण नमाजाची वेळ झाली की हा तो बंद करायचा. पोलिसातले साहेब चिडायचे. "अल्लाहसमोर चोरून ऐकणार नाही," एवढंच याचं उत्तर. असला हट्टी माणूस. त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.

रांगेत त्याच्या डावीकडे नेहमी त्या पाचांतले गणिताचे मास्तर असत. नमाज संपताना आधी उजवीकडे आणि मग डावीकडे मान वळवून सलाम करतात. एका दुपारी तो सलाम झाला आणि मास्तर हळूच म्हणाले, "माझ्याच्यानं हे होणार नाही. मी आजपासून यातून बाहेर. तूही निघ."

रेकॉर्डर बंद होता.

त्यानं साहेबांना शब्द न् शब्द सांगितला.

"टेपवर आहे?"

"नाही."

"मग कोर्टात कोण मानेल? आणि तू साक्षीला उभा राहून उघडा पडलास तर तूही गेलास, तुझं घरही गेलं."

टेपवर होतं ते मास्तरांचं महिन्यापूर्वीचं "मी तयार आहे". त्याच आठवड्यात सगळ्यांना धरलं. संशय नको म्हणून यालाही नेलं आणि चार दिवसांनी सोडलं. स्थानकातल्या बसगाड्या वेळेवर सुटत राहिल्या. मास्तरांना वीस वर्षांची सजा झाली.

तेव्हापासून हा घरीच नमाज पढतो. उजवीकडे सलाम करतो आणि डावीकडे वळायच्या आधी थांबतो. कधी इतका वेळ, की मला स्वयंपाकघरातून हाक मारावी लागते. तिथं कोणी नसतं, मला काय कळत नाही? तरी माझी नजर तिकडे जातेच, आणि भीती वाटते.

परवा मास्तरांची बायको आली. अपील लागलंय. "भाईजान, आपण सोडतोय हे त्यांनी फक्त तुम्हाला सांगितलं होतं म्हणे. वकील म्हणतात, एक साक्षीदार हवा."

मी दारात उभी होते. याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तो खोकला, मग म्हणाला, "नाही भाभी. मला काही बोलले नाहीत ते."

मला त्याच्या मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली. आणि त्याच क्षणी मनात म्हटलं, सुटलो बाई.

ती रडली नाही. ओढणी सारखी करत उठली. "ते म्हणालेच होते," ती म्हणाली, "नाही म्हणाला तर आग्रह करू नकोस, त्याला लेकरं आहेत. माझं ऐकून एक जण तरी वाचला, मला तेवढं पुरे."