आईचं कुलूप

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या खात्यात होते आणि युनियनचं काम करायचे. आमच्या निघोज्याच्या घरात देव्हाऱ्याखाली गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे असत. आई भाकऱ्या झाल्या की त्याच चुलीवर पत्रकं चिकटवायला मैद्याची खळ शिजवायची. ‘कामगार बंधूंनो’ हे मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होतं. त्यातल्या एका पत्रकातलं वाक्य अजून पाठ आहे: पत्रा वाया गेला तर दुसरा येतो, बोट गेलं तर येत नाही. खाली मागण्या होत्या. प्रेसभोवती जाळी बसवा, दोन्ही हातांनी दाबायची बटणं द्या, सुरक्षेसाठी वेगळा अधिकारी नेमा.

आई पत्रकं वाचत नसे. ती अण्णांचे हात वाचायची. ते शिफ्टवरून आले की पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि तांब्या घेणाऱ्या हातांकडे बघायची. तोंडाकडे नंतर. आमच्याच आळीतला एक जण त्या शॉपमध्ये हाताचा पंजा गमावून बसला, तेव्हापासूनची ही सवय. तिनं ती कधी बोलून दाखवली नाही, अण्णांनीही कधी विचारलं नाही. पण तांब्या ते नेहमी दोन्ही हातांनी घ्यायचे.

मागण्या पुढे मान्य झाल्या. जाळी आली, बटणं आली, अधिकारी आला. आणि मग नियम यायचे थांबेचनात.

जिना चढताना कठडा धरलाच पाहिजे, नाहीतर कार्ड, म्हणजे लेखी ताकीद. आखलेल्या हिरव्या पट्ट्यावरूनच चालायचं, पट्टा सोडला की कार्ड. चहाच्या कपाला झाकण नसेल तर चहा टेबलावरून हलवायचा नाही. खंडेनवमीला मशीनपुढे नारळ फोडायचा तर तो गेटबाहेर फोडून, वाट्या पिशवीत घालून आणायचा. आतला रस्ता ओलांडताना आधी थांबायचं, मग बोट दाखवून उजवीकडे, डावीकडे, समोर बघायचं आणि मोठ्यानं ‘मोकळं’ म्हणायचं. अण्णांच्या ते इतकं अंगात मुरलं की एकदा गावात रस्ता ओलांडताना त्यांनी कट्ट्यावरच्या मंडळींसमोर तिन्ही दिशांना बोट दाखवलं.

“काय राव, जमीन मोजताय का?” कट्ट्यावरून एक जण म्हणाला.

“तुझ्याकडंची दिशा मोकळी हाय का बघत हुतो,” अण्णा म्हणाले. “न्हाई दिसली.”

ते हसण्यावारी न्यायचे, मला मात्र संताप यायचा. कठडा धरला नाही म्हणून माणसाला कार्ड मिळायचं, आणि त्याच माणसाला ओव्हरटाइमच्या नावाखाली लागोपाठ दुसऱ्या शिफ्टला उभं करणाऱ्याला काही मिळत नव्हतं. डोळे मिटत असलेल्या माणसाच्या हातातल्या चहाला झाकण आहे की नाही, हे बघायला मात्र माणूस नेमलेला होता. मी तेव्हा कॉलेज संपवून आमच्या पट्ट्यातल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायला लागले होते. माझी अर्धी पत्रकं या एका गोष्टीवर होती.

मग अण्णांची रिटायरमेंट आली.

आमच्याकडे माणूस रिटायर होतो तेव्हा घरच्यांना कंपनीत बोलावतात. शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, आणि मग बायको शॉपमध्ये जाऊन त्याच्या मशीनला हळदकुंकू लावते. ज्या सवतीनं इतकी वर्षं नवरा ठेवून घेतला तिला कुंकू लावून तो परत न्यायचा, असं बायका हसत हसत म्हणतात. आईनं कंपनीचं गेट पाहिलं होतं. गेटबाहेर उभं राहिलं की आतल्या प्रेसचा दणका पायातून पोटात यायचा, तोही तिला ठाऊक होता. पण तो दणका देणारी वस्तू तिनं कधी बघितली नव्हती. तिला ती बघायची होती, तिला हात लावायचा होता. दुसरं काही तिनं त्या दिवसासाठी मागितलं नाही, नवं लुगडंसुद्धा.

अण्णा एका संध्याकाळी येऊन जोत्यावर बसले आणि बराच वेळ बूट सोडत राहिले. शेवटी म्हणाले, “सत्कार हॉलमधी हाय. शॉपात बाहेरच्या माणसाला बंदी केलीय. मशीन पडद्यावर दावणार हायेत.”

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“फोटूला हळद लावू व्हय?” ती म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी पत्रक लिहिलं. ‘माणसाला मशीनपासून वाचवता वाचवता माणसाला मशीनपासून तोडू नका’, असा मथळा होता. गेटवर वाटायचं ठरवलं होतं. अण्णांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं.

“चांगलं लिवलंयस,” ते म्हणाले. “पर ह्या सायबाला मागितला कुणी? आमीच की.”

“तुम्ही सुरक्षा अधिकारी मागितला होता अण्णा, सासू नव्हती मागितली.”

“देव मागितल्यापेक्षा जास्तच देतो,” अण्णा म्हणाले. “वाटू नको. मी आधी त्याला इचारतो.”

ते काय बोलले मला माहीत नाही. परवानगी मिळाली ती अशी: शॉपमध्ये यायचं, सगळी साधनं घालून यायचं, आणि प्रेसपुढच्या पिवळ्या रेघेपर्यंतच यायचं. हात लावायचा नाही. मी पत्रकाची घडी पर्समध्ये ठेवली. अजून वेळ गेलेली नव्हती.

त्या दिवशी गेटवर अण्णा ज्याच्याशी बोलले तो, त्या जागेवरचा आताचा सुरक्षा अधिकारी उभा होता. लातूरकडचा, माझ्याहून थोडाच मोठा, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला, गळ्यात शिट्टी. त्याने आधी आईच्या पायांकडे बघितलं, मग हातांकडे.

“काकू, बांगड्या काढाव्या लागतेत.”

“न्हाई काढायच्या,” आई म्हणाली.

“काचेच्या हायेत. आत काच चालत नाई.”

“मग मीबी न्हाई चालत.”

तो गोंधळला. मी पर्सच्या चेनला हात घातला. पण तो आत जाऊन कापडी बाह्यांची जोडी घेऊन आला आणि त्याने त्या आईच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत चढवल्या. बांगड्या आत दडल्या. पदर कमरेला खोचून वरून एप्रन आला. सेफ्टी शूज सगळ्यात लहान मापाचे दिले तरी मोठे झाले, म्हणून मोजे दुहेरी. अंबाड्यावर हेल्मेट बसेना, तेव्हा अंबाडा खाली ओढून बसवलं. आईचं ते रूप बघून अण्णांचा फोरमन म्हणाला, “वहिनी, आता तुम्हीच शिफ्ट घ्या, दादांना घरी पाठवू.”

“जमंल की,” आई म्हणाली. “भाकरी कोन थापणार तेवढं सांगा.”

रस्ता ओलांडताना अधिकाऱ्याने तिला बोट दाखवायला सांगितलं. तिनं उजवीकडे, डावीकडे आणि समोर, देवाला अक्षता टाकाव्यात तशी बोटं केली आणि हळू आवाजात ‘मोकळं’ म्हणाली. मला हसू येत होतं आणि राग आवरत नव्हता.

मग दार सरकलं आणि दोन्ही गेलं.

मी प्रेसवर इतकं लिहिलं होतं, प्रेस पाहिली नव्हती. आमच्या गावातल्या देवळाचं शिखर तिच्या खांद्याला लागलं नसतं. आणि अण्णा म्हणाले की जेवढी वर दिसते त्याहून खोल ती जमिनीत आहे, खाली दुसरी खोली असावी तसा खड्डा आहे. दूरची एक प्रेस चालू होती. तिचा रॅम, म्हणजे वरून खाली येणारा तो लोखंडाचा डोंगर, अजिबात घाई न करता उतरत होता आणि टेकत होता. टेकला की पायाखालची फरशी श्वास घेतल्यासारखी हलायची. सपाट पत्रा आत जायचा आणि गाडीचं दार होऊन बाहेर यायचा. मला मंदिरात कधी वाटलं नाही ते तिथे वाटलं. अण्णा रोज भाकरी बांधून घेऊन या वस्तूसमोर यायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन ताकाला मीठ कमी आहे म्हणायचे.

अण्णांची प्रेस शिफ्ट बदलत असल्यामुळे थांबलेली होती. आई पिवळ्या रेघेशी आली. पुढे जाळी, जाळीला दार. तिनं एप्रनखालून कुंकवाची डबी काढली आणि पाऊल उचललं.

“काकू, इथपर्यंतच.”

“साहेब, मशीन बंद आहे हो,” फोरमन म्हणाला.

“बंद हाय आणि बंद राहील, ह्यात फरक असतोय.” अधिकारी आवाज न चढवता बोलला. “जाळीच्या आत जाणाऱ्यानं मशीनला स्वतःचं कुलूप लावायचं. नियम सगळ्यांना सारखा.”

“मग आता काय वहिनींना कुलूप देता का?” फोरमनने टोमणा मारला. दोघे-तिघे हसले.

अधिकारी हसला नाही. तो खरोखरच विचार करत होता. पाहुण्याने कुलूप लावू नये असा नियम त्याला आठवत नसावा. तो म्हणाला, “देता येईल. पण ट्रेनिंग झाल्याशिवाय नाई.”

आणि त्याने ट्रेनिंग दिलं. तिथेच, रेघेवर उभं राहून, एकही वाक्य न गाळता, नव्या कामगाराला देतात तसं. आम्ही सगळे उभे होतो. भिंतीवरच्या फळीवरून त्याने एक लाल कुलूप काढलं. अण्णांनी प्रेसची वीज तोडली, मोठा दांडा खाली ओढला. दांड्याला भोक होतं.

“हे कुलूप तुमचं. ह्याची किल्ली एकच, ती तुमच्याजवळ. नवऱ्यानं मागितली तर द्यायची नाई. मॅनेजर आला तरी नाई. मालक आला तरी नाई.”

“आन् तुमी मागितली तर?”

“मला तर अजिबातच नाई.”

कुलपाच्या पाटीवर आईनं मार्करने स्वतःचं नाव लिहिलं. तिला सहीपुरतंच लिहिता येतं, त्यामुळे वेळ लागला. कुलूप दांड्यात अडकवलं, दाबलं. किल्ली मुठीत घेतली.

“आता काका, स्टार्ट करा,” अधिकारी म्हणाला.

मी दचकले. अण्णा शांत होते. कुलूप लावल्यावर मशीन चालू करून बघायचं, ती चालत नाही याची खात्री करायची, हाही नियमच होता. ते बटणांपुढे उभे राहिले आणि दोन्ही तळवे दोन्ही बटणांवर ठेवून दाबले. आयुष्यभर त्या दाबण्याने डोंगर खाली आला होता. आम्ही सगळे वर बघत होतो.

काही झालं नाही.

अण्णांनी पुन्हा दाबलं. काहीच नाही. मी आईकडे बघितलं. ती वर रॅमकडे बघत होती, मग तिनं आपल्या मुठीकडे बघितलं. इतकी वर्षं ती घरी चुलीपुढे बसून जी गोष्ट मनातल्या मनात धरून ठेवत होती, ती आता तिच्या मुठीत होती.

ती जाळीच्या आत गेली. अण्णा स्वतःचं कुलूप लावून तिच्या मागे गेले. रॅम तिच्या डोक्यावर लटकलेला.

“हे वरचं खाली येतं?”

“येतं.”

“आन् तुमचा हात कुटं?”

“आता बटनावर असतो. जुन्या मशीनला हितं असायचा.” अण्णांनी खालच्या साच्याच्या काठावर हात ठेवला.

आईनं तिथे, त्यांच्या हाताशेजारी, स्वतःचा हात ठेवला. लोखंड गार असावं, तिनं बोटं जरा आक्रसली आणि मग पसरली. कुंकू तिनं साच्याला नाही, बाजूच्या खांबाला लावलं. अधिकारी त्या वेळी जाळीच्या बिजागरीची तपासणी करत होता.

ती लगेच बाहेर आली नाही. दुसऱ्या शिफ्टचे लोक येऊन रेघेबाहेर उभे राहिले. फोरमन घड्याळ बघत म्हणाला, “वहिनी, चला आता, प्रॉडक्शन थांबलंय.”

“थांबू द्या की जरा,” आई आतून म्हणाली.

आणि थांबलं. त्या अख्ख्या कंपनीत कोणाकडेही तिला हलवायचा उपाय नव्हता. मी पत्रकांतून वर्षानुवर्षं कामगाराच्या हाती सत्ता मागत आले आहे. ती कशी दिसते ते मी त्या दिवशी पाहिलं. मोठ्या मापाच्या बुटांत उभी होती, हेल्मेट डोळ्यांवर आलेलं होतं, आणि एक शब्दही मोठ्याने बोलत नव्हती.

चहाच्या झाकणावरचा माझा राग आजही आहे. कठड्याच्या कार्डावरचाही आहे, आणि लागोपाठच्या दोन शिफ्टवर तर मी अजून लिहिते. पण ते पत्रक मी वाटलं नाही. तो अधिकारी त्याच्या नियमाला इतका चिकटला नसता, ‘जा काकू पटकन’ म्हणाला असता, तर आई आत जाऊन कुंकू लावून आली असती आणि तिला ते कुलूप कधी मिळालं नसतं. हे मला अजून नीट पचलेलं नाही.

ती बाहेर आली, अण्णांनी त्यांचं कुलूप काढलं, तिनं तिचं. कुलूप परत घेताना अधिकाऱ्याने तिची पाटी पुसली नाही, तशीच फळीवर अडकवली. नव्या शिफ्टचा ऑपरेटर बटणांपुढे आला. रॅम उतरला, फरशी हलली. आई रेघेमागे उभी राहून त्याच्या हातांकडे बघत होती. गाडीचं पहिलं दार बाहेर येईपर्यंत ती हलली नाही.

गुलालाला आत बंदी होती. तो गेटबाहेर उधळला गेला, आणि अण्णांना खांद्यावर घेतलं तेव्हा अधिकारी गेटच्या आत उभा राहून “सावकाश, सावकाश” म्हणत होता.

संध्याकाळी आईनं तांब्या भरून जोत्यावर ठेवला आणि भाकरी थापायला आत गेली. अण्णांनी तो एका हातानं उचलला.