कुऱ्हाडीचा वाक्यात उपयोग

हे मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

तळोद्याच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाला तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला आले. शेजारचे रफिकभाई — सुतार — रोज सकाळी यायचे. आबांना उचलून ओट्यावर उन्हात बसवायचे, दाढी करून द्यायचे, दोघांच्या अहिराणीत गप्पा रंगायच्या. माणूस उगाच एवढं करतो का? एकदा ते आमच्या मागच्या खोलीत टेप लावून काहीतरी मोजताना दिसले. त्यांचं दुकान त्या खोलीला लागूनच — खोली हवी असणार, दुसरं काय? कशासाठी मोजताय, एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही. आजही मला माहीत नाही.

आणि खरं सांगू? घरावर डोळा माझाच होता. भाऊ सुरतेला, सेवा मी करते, तर घर माझ्या नावावर व्हावं — हे मनात धरूनच मी आले होते.

मग दहावीच्या वर्गात तो वाक्प्रचार आला — ‘हॅव ॲन ॲक्स टु ग्राइंड’. शब्दशः, धार लावायला कुऱ्हाड असणं. अर्थ, चांगलं वागण्यामागे स्वतःचा छुपा हेतू असणं.

“मॅडम, वाक्यात उपयोग?”

मी फळ्यावर लिहिलं आणि मराठीतही समजावलं, सावकाश: जो शेजारी आजारी म्हाताऱ्याची रोज दाढी करतो, त्याला आपली कुऱ्हाड पाजळायची असते. तिसऱ्या बाकावर रफिकभाईंची रेहाना होती. मला दिसली नव्हती का? तिच्यासाठीच तर लिहिलं. तिने मान खाली घालून ते उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून रफिकभाई आले नाहीत.

“रफिक का बरं उना नही?” आबा रोज विचारायचे. कामात असतील, मी म्हणायचे. दाढी वाढत गेली — मी वस्तरा घेतला की ते माझा हात बाजूला सारायचे. घर मात्र त्यांनी माझ्या नावावर केलं. उन्हाळ्यात ते गेले.

स्मशानात रफिकभाई लांब उभे होते. सगळे पांगल्यावर जवळ आले.

“ताई, आबा काही बोलनात का मन्हाबद्दल?”

“नाही,” मी म्हणाले.